आमच्या प्रतीत ती परत येत नाही

मित्रांनो, मी एका जुन्या कादंबरीची जुनी प्रत आहे. एवढं एक वाक्य तुम्ही डोळे मिटून खरं मानायला हरकत नाही. पुढचं सगळं पारखून घ्या. मीही हल्ली तसंच करते.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे पुस्तक एका दमात जन्माला येत नाही. मोठ्या कागदावर पानं छापतात, त्या कागदाला घड्या घालून त्याचा फर्मा करतात, असे फर्मे एकावर एक रचून शिवतात आणि वर पुठ्ठा चढवतात. म्हणजे मी दिसते एक, पण आहे अनेक. कुटुंबाचंही तसंच असतं म्हणतात. बाहेरून पुठ्ठा एक, आत ज्याची त्याची घडी वेगळी.

माझ्यात एका नावाड्याची गोष्ट आहे. त्याची एकुलती एक मुलगी भांडून नदीपलीकडे निघून जाते. नावाडी जन्मभर लोकांना पलीकडे पोचवतो, पण स्वतः त्या काठावर पाय ठेवत नाही. शेवटी एका सकाळी तो झोपडीत मेलेला सापडतो. दाराला आतून कडी लावलेली नसते. या गोष्टीमुळे लोक मला अभिजात म्हणतात. अभिजात म्हणजे काय ते मला नीटसं ठाऊक नाही. पण तो शब्द लागल्यापासून माझी रवानगी सगळ्यात वरच्या फळीवर झाली, जिथे कोणाचाही हात पोचत नाही.

मला विकत घेतलं ते एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी. त्यांच्या घरात वाचणारी माणसं तीन: ते आणि त्यांच्या दोन मुली. पुस्तक एक आणि धीर कोणालाच नाही. घड्याळवाल्यांनी यावर उपाय काढला होता. नवं पुस्तक घरात आलं की ते पातळ सुरीने त्याची शिवण उसवत आणि फर्मे सुटे करत. पहिला फर्मा त्यांचा वाचून झाला की थोरलीकडे जाई, थोरलीचा झाला की धाकटीकडे. अशा रीतीने तिघं जण एकाच वेळी एकच कादंबरी वाचत आणि 'पुढचं सांगशील तर याद राख' म्हणून एकमेकांवर ओरडत. धाकटीला मागे राहणं सोसायचं नाही. ती थोरलीच्या उशीखालून फर्मे पळवायची. सगळ्यांचं वाचून झालं की फर्मे गोळा करून बाइंडरकडे जात. त्याने मला पुन्हा शिवलं आणि कडा साफ कापल्या. इतक्या साफ, की पानांचे आकडेसुद्धा कापले गेले. कोणी तक्रार केली नाही. गोष्ट वाचायला आकडे कशाला लागतात?

पुढे थोरली डॉक्टर झाली, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी, आणि मला आपल्याबरोबर घेऊन गेली. माझ्या बाई त्या याच. हा धंदाच संशयाचा. उपाशी आलोय म्हणणारा पेशंट बाहेर चहा-बिस्किटं खाऊन आलेला असतो. झोप लागली असं वाटणाऱ्याला सगळं ऐकू येत असतं. बाईंनी जन्मभर माणसांच्या पापण्या उचलून बघितल्या. घरी आल्यावरही त्यांना ते थांबवता येत नसे. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, दुपारी पडले की बाई जाता जाता विचारत, "खरंच झोपलाय का?" काका डोळे मिटूनच सांगत, "हो."

या घरात माझं कौतुक फार झालं. त्याचं कारण मात्र मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

घड्याळवाले गेल्यावर बाईंची आई बाईंकडे राहायला आली. एक दिवस बाई ऑपरेशन थिएटरमध्ये असताना धाकटी आली आणि आईला आपल्या गावी घेऊन गेली. ना विचारणं, ना सांगणं. आई तिथेच वारली. त्यानंतर बाई बहिणीशी बोलल्या नाहीत. काकांनी विषय काढला की बाई वरच्या फळीवर बोट दाखवायच्या. "त्या कादंबरीत मुलगी परत येते का? नाही. म्हातारा तिच्या मागे धावतो का? नाही. गेलं ते गेलं. एवढ्या मोठ्या लेखकाला कळलं, ते तुम्हाला कळत नाही?" मला ते ऐकून बरं वाटे, मित्रांनो. आपला दाखला दिला की कोणालाही बरं वाटतं.

बाई निवृत्त झाल्यावर धाकटीच्या मुलीने, म्हणजे त्यांच्या भाचीने, संगणकावर एक वाचन मंडळ काढलं. सगळ्यांनी आपापल्या घरी एकच जुनी कादंबरी पुन्हा वाचायची आणि आठवड्यातून एकदा पडद्यावर जमून तिच्याबद्दल बोलायचं. पहिली निवड माझी.

"हिला वाचनाचा एवढा पुळका कधीपासून?" बाई म्हणाल्या.

"अगं, भाची आहे. बोलावतेय तर जा. घरबसल्या तर जायचंय," काका म्हणाले.

"माणूस घरबसल्याच फसतो."

पण गेल्या. मला शिडी लावून खाली काढलं, पुसलं आणि संगणकापुढे ठेवलं. मी त्या पडद्याकडे पहिल्यापासून संशयाने बघत होते. चौकटीचौकटींत माणसं होती आणि त्यांच्या हातात माझ्याच कादंबरीच्या नव्या, गुळगुळीत प्रती. त्या माझ्याहून जाड दिसत होत्या. नवा कागद फुगीर असतो, अशी मी माझी समजूत घातली. एका गृहस्थांचा कॅमेरा नेहमी छताकडे असायचा, त्यामुळे आम्हाला फक्त त्यांचा पंखा दिसे. त्यांचं नाव पंखेवाले पडलं. एक चौकट कायम काळी. तिच्याखाली 'पाहुणी' एवढंच लिहिलेलं. ती पाहुणी कधी बोलली नाही. बाईंचा त्या चौकटीवर पहिल्या दिवसापासून डोळा.

"वाचून आलात ना?" बाई प्रत्येकाला विचारत, अगदी 'उपाशी आलात ना' याच सुरात. मग खोलात शिरत. नावाड्याची झोपडी कुठल्या काठावर? वल्हं कशाचं? कोणी अडखळलं की बाई चष्म्यावरून बघत. अर्धं मंडळ त्यांना घाबरून खरोखरच वाचू लागलं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मानाचा काळ, आणि म्हणूनच मला तो संशयास्पद वाटायला हवा होता.

मग ती सभा आली. बाई मला छातीशी धरून बोलत होत्या.

"या कादंबरीचं मोठेपण कशात आहे? मुलगी परत येत नाही यात. दुसरा कोणी लेखक असता तर शेवटी गळ्यात गळे घालून मोकळा झाला असता. इथे म्हातारा ताठ राहतो."

चौकटींमध्ये चुळबुळ झाली.

"पण मावशी," भाची म्हणाली, "ती येते की परत."

"कुठे येते?"

"पूर ओसरल्यावर. पहाटे. अख्खं प्रकरण आहे."

"तू वाचलंयस, की कुठे सारांश बघितलास?"

"आहे हो बाई," पंख्याखालून आवाज आला. "मीही वाचलंय. रडलो."

"तुम्ही रडलात?"

"पंखा दिसतो म्हणून काय झालं? खाली माणूस आहे."

कोणीतरी पानाचा आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, माझ्या पुस्तकात आकडे नाहीत. कोणीतरी हसलं. बाईंचा आवाज चढला. "मग तो मरतो तेव्हा तिथे का नसते ती? कडी लावायलासुद्धा जवळ कोणी नाही त्याच्या. वयोमानाने विसरला बिचारा."

"विसरला नाही, मावशी. ती जाताना सांगून जाते, आता कडी लावू नका. तेव्हापासून तो लावतच नाही."

आणि तेवढ्यात ती काळी चौकट बोलली.

"ताई, ती येते. तू ते प्रकरण वाचलंच नाहीयेस."

आवाज धाकटीचा होता. साऱ्या मंडळाला 'वाचून आलात ना' म्हणून दरडावणाऱ्या बाईंना, सगळ्यांदेखत, तिने आणि हेच ऐकवावं! बाईंनी संगणक खाडकन मिटला.

"कट आहे," त्या काकांना म्हणाल्या. "मायलेकींचा. मंडळ बिंडळ सब झूठ. आणि नव्या आवृत्त्यांत वाटेल ते घुसडतात हल्ली."

मला हे मनापासून पटलं. मी मूळची. माझ्यात जे नाही ते खोटं, यात शंका ती काय?

दुसऱ्या दिवशी बाई मला पिशवीत घालून सार्वजनिक ग्रंथालयात गेल्या आणि माझ्याच छपाईची, माझ्याच वर्षीची प्रत मागून घेतली. टेबलावर आम्हा दोघींना शेजारी ठेवलं. जुळी बहीण म्हणायची ती माझी. तोच कागद, तोच वास. बाई दोघींची पानं जोडीजोडीने उलटू लागल्या. बराच वेळ आम्ही बरोबर चाललो होतो. मग माझं एक प्रकरण पानाच्या तळाशी संपलं आणि पुढचं सुरू झालं. तिचं मात्र मधेच वेगळं काही सुरू झालं होतं, आणि ते चांगलं फर्माभर चाललं.

मित्रांनो, दात पडला की जीभ वारंवार तिथे जाते, म्हणून माणसाला कळतं. मला जीभ नाही. मी एवढी वर्षं भोकासकट अभिजात म्हणून मिरवले.

बाईंनी ते प्रकरण तिथेच वाचायला हवं होतं. समोर उघडं होतं. पण त्यांनी ते मिटलं, घरी आल्या आणि कित्येक वर्षांत लावला नव्हता तो नंबर लावला. मला संशय आहे, त्यांना भांडायला निमित्त हवं होतं.

"फर्मा कुठे घातलास?"

"कुठला फर्मा?" फोनमधून धाकटी म्हणाली.

"माझ्या उशीखालून पळवलेला."

"मी? ताई, मी वाचत होते तर तुला दम निघेना. तू पुढचा उचललास. म्हणालीस, हा नंतर वाचीन."

"मी असं म्हणणं शक्य नाही."

"तू असंच म्हणतेस. आई गेली तेव्हाही म्हणालीस, नंतर बोलू. ते आज बोलतेयस."

फर्मा कोणी हरवला हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोघींची खात्री पक्की आहे आणि ती एकमेकींबद्दल आहे.

"तुझ्याकडे नवं पुस्तक आहे ना?" बाई शेवटी म्हणाल्या. "वाच मग."

"आत्ता?"

"मग कधी? नंतर?"

धाकटी वाचू लागली. माझ्याच पोटातली गोष्ट मी परक्या फोनमधून ऐकली. पहाटे मुलगी दारात उभी राहते. म्हातारा कडी काढतो. माफी कोणीच मागत नाही. तो विचारतो, कोणाच्या नावेतून आलीस? ती म्हणते, आहे एक पलीकडचा. नीट वल्हवतो का? तुमच्यासारखं नाही, बाबा. एवढंच. मग ती आपल्या घरी परत जायला निघते आणि कडीचं सांगते. पुढच्या प्रकरणात एक ओळ आहे, जी माझ्यातही आहे: 'आता त्याला कोणाशी काही बोलायचं उरलं नव्हतं.' बाईंनी आणि मी ती जन्मभर ताठपणा म्हणून वाचली होती.

वाचन संपलं.

"आईला नेलंस त्या दिवशी," बाई म्हणाल्या, "ती काही म्हणाली होती का?"

"तिनेच फोन केला होता. ने म्हणाली. तू दिवसभर दवाखान्यात, घरात एकटीला भीती वाटते म्हणाली. पण ताईला सांगू नकोस, तिला वाटेल आपण कमी पडलो."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू निकालच दिलास."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"परत वाच," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून."

आता मित्रांनो, माझी विनंती ऐका. पुस्तकं उन्हात वाळवा, पानांचे कोपरे दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, हे सगळं तुम्हाला शाळेत सांगितलेलं असेलच. ते कराच. पण आमच्यावर फार विश्वास ठेवू नका. आणि जे पुस्तक तुमचंच म्हणणं खरं ठरवतं, त्याचे फर्मे आधी मोजा.

ते प्रकरण झेरॉक्स करून माझ्यात चिकटवावं असं काकांनी सुचवलं. नवीन प्रतही आणतो म्हणाले. बाई नको म्हणाल्या. "तेवढं ती वाचून दाखवते." सध्या त्या मला पुन्हा पहिल्यापासून वाचतायत. ती जागा आली की मला पालथी घालतात आणि फोन लावतात. फक्त हल्ली ती जागा फार लवकर येते. बाई मधली पानं गाळत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.