ती परत घरात का जाते

चिंतामणराव खोकले. चारुशीलानं मांडीवरचं झाकण उचललं नाही.

ते पुन्हा खोकले, या वेळी जोरात. पडद्यावर इटलीतल्या कुठल्याशा हवेलीत नायिका आणि तिचा प्रियकर एकमेकांच्या मिठीत होते, आणि सांगलीच्या चित्रपट मंडळात एव्हाना अंधार व्हायला हवा होता. व्हिडिओच्या काळापासूनचा रिवाज होता तो. चिंतामणराव सरांनी खोकायचं, शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं साडीच्या खोक्याचं झाकण प्रोजेक्टरपुढं धरायचं, चुंबन संपलं की काढायचं. मंडळात बायका-मुली येतात, सभ्यता नको का! आज चुंबन अख्खं झालं. मधल्या रांगेतले दोघंतिघं चुळबुळले.

"काय झालंय तुला?" चिंतामणराव कुजबुजले.

"काही नाही. पिक्चर बघतेय."

काही नाही कसलं? गुरुवारी त्यांची लेक मयूरी साताऱ्याहून एकटी आली होती, एक पिशवी घेऊन. जावयानं कानाखाली मारली होती, आणि ती काही पहिल्यांदा नव्हे. चारुशीलानं तिला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाच्या पडद्याला भोक पडलंय. चिंतामणरावांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि त्याच संध्याकाळी जावयाला फोन केला. राजसराव, सोमवारी या आणि घेऊन जा. लेकीला म्हणाले, संसार म्हटला की होतं असं, चार लोकांत शोभा नको. आणि आज रविवारी, कुणाला शंका येऊ नये म्हणून, तिला इथं आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. चारुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरली नव्हती.

पडद्यावर नायिका जिन्याखाली खुन्याला सापडली. रंगीत काचांतून आलेला लाल उजेड तिच्या तोंडावर पडला होता, मागं अंगाईसारखी धून वाजत होती, आणि काळा हातमोजा घातलेला एक हात कठड्यावरून हळूहळू खाली येत होता. चिंतामणराव खुर्चीत पुढं सरकले.

"रंग बघा, रंग!"

इथं त्यांना कधी खोकला यायचा नाही. बाई प्रेम करायला लागली की झाका, आणि तिचा गळा चिरायला लागले की डोळे फाडून बघा. वा रे सभ्यता! चारुशीलानं झाकण उचललं आणि प्रोजेक्टरपुढं धरलं.

हॉल काळाकुट्ट झाला. नुसत्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

"अहो बाई, झाकण!"

"काढा की! हाच तर सीन आहे!"

"चारू!"

ती हलली नाही. हात भरून आला, तरी शेवटची किंकाळी विरेपर्यंत तिनं झाकण धरून ठेवलं.

पिक्चर संपला, दिवे लागले, चहा फिरला. चिंतामणराव चर्चेसाठी पुढं जाऊन उभे राहिले. "आज आमच्या घरच्यांनी सेन्सॉर बोर्ड उघडलं," असं म्हणून त्यांनी हशा मिळवला आणि मग ते नेहमीसारखे रंगले. युरोपातल्या या जुन्या भयपटांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण असा रंग कुणी वापरलाय का? असं संगीत? घरालाच पात्र करून टाकतात हे लोक. आता उणिवाही आहेत. संवाद मागाहून दुसऱ्याच कुणाच्या आवाजात भरलेले, ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच पडतं. अभिनय लाकडी. गोष्टीला शेंडा ना बुडखा.

हे सगळं चारुशीलाला पटत होतं, तोच तर वैताग होता. तिला हे पिक्चर आवडायचे. घराची भीती वाटते, आपल्याच घराच्या जिन्याची, बंद दाराची, हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं. पण इतक्या वर्षांत तिला काय वाटलं, हे मंडळात कुणी विचारलं नव्हतं.

"आणि सगळ्यात हास्यास्पद काय?" चिंतामणरावांनी आवाज चढवला. "ही बाई एकदा घरातून निसटते. दार उघडं, समोर रस्ता. आणि काय करते? परत आत जाते! डोकं ठिकाणावर असलेली कुठली बाई परत जाईल हो? लेखकाला बाईचं मनच कळलेलं नाही."

सगळे हसले. मयूरी हसली नाही. ती मान वळवून, डावा कान वडिलांकडं करून ऐकत होती.

चारुशीला उभी राहिली. "ती का जाते, मी सांगते."

"चारू, नंतर."

"नंतर का? चर्चाच चाललीय ना? ती जात नाही, तिला परत पाठवतात. तिचा बाप फोन करतो, या आणि घेऊन जा. नवऱ्यानं कान फोडला तरी."

हॉलमध्ये कुणी कप खाली ठेवीना की तोंडाला लावीना. चिंतामणरावांचा चेहरा उतरला.

"हा घरातला विषय आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"घरातलाच. तुमच्या सगळ्या पिक्चरांत बायकांना घरातच मारतात की! ते दर महिन्याला खुर्च्या मांडून बघता, आणि पोटच्या पोरीकडं बघायला होत नाही तुम्हाला?" तिनं पर्समधून मोबाइल काढला. "उद्या मयूरी जाणार नाही. राजसरावांना मी कळवते. इथूनच, सगळ्यांच्या देखत."

"वेड लागलंय का तुला?" चिंतामणराव आता लोकांनाही विसरले. "लग्न झालेली पोर ती! नवऱ्याचं घर सोडून तिनं जायचं तरी कुठं?"

चारुशीलाच्या हातातल्या मोबाइलवर साताऱ्याची रिंग वाजत होती. पहिल्या रांगेतून मयूरी उठली. कान दुखावल्यापासून आपला आवाज केवढा लागतोय हे तिला समजत नव्हतं, त्यामुळं तिचं बोलणं पार दारापर्यंत ऐकू गेलं.

"मी आले होते ना, बाबा. घरी आले होते."