बिनफिक्सरची काच

पन्नाशीला टेकली तरी घरात ती छकुलीच होती. प्रकाशाच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली सहा माणसं, पण बाबा दारात दिसले की ती शाळकरी मुलीसारखी खुर्चीवरून उठायची. आज ते काळ्या कागदात गुंडाळलेली एक काच छातीशी धरून आले होते.

बाबांची उभी हयात फोटो स्टुडिओत गेली. गावभरचे चेहरे टिपले, पण आईचा हसरा फोटो एकही नाही. तिचा पुढचा दात तुटलेला. फोटोला ओठ घट्ट मिटून बसायची, आणि हसू आलंच तर तोंडावर हात. "हात काढ!" म्हणून बाबा ओरडायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच ती खदखदून हसली, बाबांनाही हसू फुटलं आणि शटर फार लवकर मिटलं. तेव्हा फोटो काचेवरच उमटायचा; ती काच रसायनात धुतली तर जवळजवळ कोरी. रागाच्या भरात त्यांनी ती फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, बुडवलीच नाही, तशीच काळ्या कागदात कोंबली. आता जास्त उजेड लागला की उरलंसुरलंही काळवंडून जाणार.

"तिचं हसू आठवेनासं झालंय गं," बाबा म्हणाले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. "डोळे मिटले की ते बंद ओठच दिसतात."

छकुलीच्या टेबलावर एका स्फटिकातून प्रकाशाचे कण जुळे निघत. एक भावंड काचेतून पाठवायचं, दुसरं मोकळ्या वाटेनं. काच काळवंडू नये म्हणून प्रकाश अगदी मंद ठेवायचा, पण मंद प्रकाश मुळातच लहरी. कण कधी चार जास्त, कधी दोन कमी, आणि त्या गोंधळात पुसट खूण हरवून जाते. पण जुळ्यांचा गोंधळ एकसारखा असतो. एकातून दुसरा वजा केला की काचेनं जे अडवलं ते उरतं.

"दोघांच्या खोड्या सारख्याच, असं म्हण की," बाबा म्हणाले. "कळलं. लाव आता."

दुपारभर मोजणी चालली. पडद्यावर आधी नुसती राख. मग खांदा आला, मग केसांचा भांग, मग बारीक झालेले डोळे. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. ओठांच्या जागी हळूहळू पाच बोटं उमटली.

एवढी वर्षं जपलेली काच, आणि तिच्यावरही आईनं तोंड झाकलेलंच! रडू आवरायला छकुलीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. "बाबा, हसू दिसतच नाहीये."

बाबांचे खांदे गदगदा हलत होते. ते हसत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या तरी. "वेडे, हेच तर तिचं हसू! मला आपलं वाटत होतं, त्या दिवशी तरी तिनं माझं ऐकलं. कसली ऐकतेय ती!"

छकुलीला रडता रडता हसू फुटलं, हात अजून तोंडावरच. बाबा तिला काही सांगायला वळले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

तिनं ओशाळून हात खाली घ्यायला सुरुवात केली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "हात काढू नकोस."