माहेरी नेलेली कणीक

लढाई चालली होती कुठं तिकडं साता समुद्रापलीकडं, पण मैदा नाहीसा झाला होता बीदरच्या बाजारातून. ही बातमी राजेश्वर गावात शकुबाईच्या सासरी पोचली तेव्हा तिनं आपल्या शेतातले गहू निवडले, जात्यावर बारीक दळले, पीठ फडक्यातून गाळून घेतलं आणि डबा गच्च भरला. भाऊबिजेला बीदरला माहेरी जायचं होतं. आई श्रावणात गेली होती. आईवाचूनची ही पहिलीच दिवाळी.

आई होती तेव्हा नानकटाई म्हणजे घरातला सोहळा असे. ती परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायला बसली की उठायचं नाव घेत नसे. पांढरंशुभ्र झाल्यावर त्यात मैदा मिसळायचा, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि ओलं फडकं टाकून चौबाऱ्याच्या बुरुजामागच्या मौलासाबच्या भट्टीवर न्यायचे. तिथं अर्ध्या गावच्या बायका आपापले पत्रे घेऊन बसलेल्या असत. कुणाची सून कशी, कुणाचा जावई कसा, सगळ्या बीदरची खबर तिथं भाजून निघायची. शकुबाईला लेकरं झाली, केस पिकायला लागले, तरी दर भाऊबिजेला आई तिला भट्टीवर घेऊन जायचीच.

आता घरात दुखवटा. वर्ष सरेपर्यंत चुलीवर कढई चढणार नाही, गोडधोड होणार नाही. आपण तर दुसऱ्या घरच्या झालो. आपण आपलं पीठ नेलं आणि नानकटाई भाजून आणली तर कुणाचं काय बिघडतं, असा तिनं विचार केला. पण खरं सांगायचं तर तिच्या पोटात भीती होती. आई गेली, आता आपल्याला माहेर राहिलंय का? धाकट्या भावाची, अंकुशरावाची बायको राजूबाई मनानं वाईट नव्हती, पण बोलणं असं तुटक, की समोरच्यानं आपलं काय चुकलं ते शोधत बसावं.

मोटारीतून उतरून शकुबाई घरी पोचली. राजूबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, वाकून नमस्कार केला आणि चुलीकडं बघत म्हणाली, "आक्का, यंदा घरात कायबी न्हाई."

झालं. ज्याची भीती होती तेच पहिल्या वाक्यात. शकुबाईनं डबा पुढं सरकवला. "म्हनून तर कणीक आणलीय. मैदा न्हाई तर न्हाई. हिचीच नानकटाई करून आणते."

राजूबाईचा चेहरा उतरला. "माहेरी येताना पीठ आणलंत? कामून? तुमचा भाऊ तुमाला उपाशी ठेवंल असं वाटलं व्हय?"

बाई माहेरी जाते ती रिकामी पिशवी घेऊन आणि परतते ती भरून, ही या मुलखाची रीत. पीठ घेऊन जाणं म्हणजे भावाच्या दारात उभं राहून 'तुझ्या घरात दाणा नाही' असं गावाला ओरडून सांगणं. हे शकुबाईला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण आईच्या आठवणीपुढं शहाणपण टिकत नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं. डोळे भरून आले होते.

"चुकलं बाई माझं. परत नेते."

राजूबाई आत गेली. बाहेर आली ती एका हातात तुपाची बरणी आणि दुसऱ्यात फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. गाठ सोडली. आत साखर होती.

"श्रावणापासनं मूठमूठ बाजूला काढलीय," ती म्हणाली. "पोरं गुळाचा च्या पितेत. घरात कढई चढत न्हाई, पर भट्टी काय आपल्या घरात हाय का? तुमाला न्यायचं ठरवूनच ठेवलं होतं. मैदा मात्र कुठंच घावंना. समदी दुकानं पालथी घातली."

"अगं, मग तसं सांगायचं न्हाई?"

"काय सांगू? सासूबाईंच्या माघारी पयल्याच दिवाळीला नणंदंला देयाला माझ्याजवळ कायबी न्हाई, असं?" आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती बाई ढसाढसा रडायला लागली.

मग दोघी एकाच परातीला बसल्या. कणीक मोठी खादाड निघाली. तूप किती घाला, पिऊन टाकायची आणि पुन्हा भुगा. शेवटी दुधाचा हात लावला तेव्हा कुठं गोळे वळले गेले. भट्टीवर मौलासाबनं एक गोळा दाबून पाहिला आणि मान हलवली. "ये आटा मैदे जैसा नै, बेटी. थोडा बैठने दो. जल्दी नक्को."

गोळे मुरेपर्यंत दोघी भिंतीला टेकून बसल्या. म्हातारा इकडं तिकडं बघत राहिला. "अम्मा नै आई?"

राजूबाईच बोलली, "अम्मा गेल्या, चाचा. आता आक्काला मी आणत जाईन. दर साल."

म्हाताऱ्यानं हातातला पत्रा खाली ठेवला.

नानकटाई निघाली ती तपकिरी. फुलली नव्हती, वर भेगाही पडल्या नव्हत्या. दाताखाली जराशी खरखर लागायची आणि भाजलेल्या गव्हाचा वास यायचा. शकुबाईनं खाल्ली आणि खरं तेच बोलली, "आईसारखी न्हाई झाली गं."

"न्हाईच होनार," राजूबाई म्हणाली. दोघींनी आणखी एकेक उचलली.

दुसऱ्या दिवशी अंकुशराव मोटारीत सामान चढवत होता. राजूबाई खिडकीशी आली. "आक्का, पुढल्या दिवाळीला हात हालवत यायचं. मैदा मिळो न मिळो. ऐकायलाव न्हवं?"

माहेराहून सून हात हलवत आली, असं एरवी बायका नाक मुरडूनच म्हणतात. आज मात्र त्या शब्दांनी शकुबाईच्या पोटातली भीती गेली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून भावजयीच्या गालावरून फिरवला. पहिल्यांदाच. मोटार सुटली, बीदर मागं पडलं, तरी तिचे डोळे वाहतच होते, आणि ते पुसायची तिला काही घाई नव्हती.