ऐंशीची लेन्स

एलेउतेरियो फोटोग्राफरचा एकाच आकड्यावर विश्वास होता: ऐंशी. चौकोनी निगेटिव्हचा जुना कॅमेरा आणि त्यावरची ऐंशी मिलिमीटरची लेन्स, एवढ्या भांडवलावर त्याने वालपाराइसो शहराच्या अर्ध्या टेकड्यांवरची लग्नं टिपली. एक दिवस तो कॅमेरा जिन्यावरून गडगडत बंदराच्या दिशेने गेला. मग त्याने छोट्या फिल्मचा कॅमेरा घेतला आणि दुकानदाराला ठणकावलं, "लेन्स ऐंशीची हवी." पंच्याऐंशीची मिळाली. पाचाने काय आभाळ कोसळतंय, म्हणत तो ती घेऊन आला.

अंधारखोली सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोने, ओब्दुलियाने, कपाळावर हात मारला. "अरे म्हाताऱ्या, फिल्म लहान झाली की लेन्सही लहान लागते! मोठ्या निगेटिव्हवर ऐंशीत जेवढं मावतं, तेवढं या चिमुकलीवर पन्नासात मावतं. फोटो मोठे करताना मी यंत्राची लेन्स बदलते, ती काय हौस म्हणून?"

"ऐंशी म्हणजे ऐंशी. कॅमेरा बदलला म्हणून मिलिमीटर आटतात होय?"

पालथ्या घड्यावर पाणी घालणं ओब्दुलियाने सोडलं. दुकानदाराकडून पन्नासची लेन्स उसनी आणून तिने गुपचूप पिशवीत टाकली.

रविवारी झुनिल्दाबाईंचा सत्तरावा वाढदिवस होता आणि फोटोचं काम एलेउतेरियोकडे होतं. तिच्या दोन मुली, एदेल्मिरा आणि ग्रासिएला, बापाच्या पियानोवरून भांडल्या, तेव्हापासून एकमेकींशी बोलतच नव्हत्या. म्हातारीचं मागणं एवढंच, की दोघी एका फोटोत याव्यात. आल्या खऱ्या, पण रांगेच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि तोंडं दोन दिशांना.

एलेउतेरियोने कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यात झुनिल्दा आणि दोन जावई एवढेच मावले. तो मागे सरला, आणखी सरला. अंगणाचा कठडा पाठीला टेकला. खाली शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर होतं.

"सर की अजून," ओब्दुलिया म्हणाली. "समुद्रातून झकास येईल."

"तू गप्प बैस! सगळे आत या! पोरं खाली बसा! टोकाच्या दोघी, खुर्चीमागे!"

ओब्दुलियाने पिशवीत हात घातला. लेन्स हाताला लागली, तेवढ्यात तिचं लक्ष झुनिल्दाकडे गेलं. मुली कुरकुरत मागे येत होत्या आणि म्हातारी मान न वळवता बसली होती, जणू हलली तर पाठीशी उतरलेल्या चिमण्या उडतील. ओब्दुलियाने हात पिशवीतच ठेवला.

"अजून जवळ!"

"अजून काय, हिच्या मांडीवर बसू?" एदेल्मिरा फणकारली.

"बस ना," ग्रासिएला म्हणाली. "लहानपणी उठायचीस कुठे?"

अंगणभर हशा पिकला आणि एलेउतेरियोने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत तो फोटो पाण्यातून वर आला. आईच्या खुर्चीच्या पाठीवर दोघींचे हात एकावर एक होते.

"बघितलंस?" एलेउतेरियो म्हणाला. "ऐंशी दगा देत नाही."

"हो रे बाबा," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिने वाद घातला नाही.

त्याने फोटो दोरीला वाळत लावला. "तुझ्या पिशवीतली पन्नासची आज परत करून ये. दुकानदाराने शनिवारीच विचारलं मला."

ओब्दुलिया चमकली. "तुला माहीत होतं? मग मागितली का नाहीस?"

"मागितली असती तर पोरी टोकांनाच राहिल्या असत्या," तो म्हणाला. "आणि तू मला मरेपर्यंत बोलून दाखवलं असतंस."

"ते तर आता दाखवणारच," ती म्हणाली आणि ओल्या हातांनी त्याचा गालगुच्चा घेतला.