माझ्यावर नेदाची होडी होती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भारी भित्री आहे. वाल्येवो गावातल्या एका कपाटात मी पडून असते. टेपरेकॉर्डरच्या आवाज भरून घ्यायच्या लाल बटणाजवळ कुणाचं बोट गेलं, की आजही मला कपाटात आणखी आत लपावंसं वाटतं.

पहिली काही वर्षं माझ्यावर अकॉर्डियनची गाणी होती. मग आमच्याकडे रेडिओवरून कॉम्प्युटरचे खेळ येऊ लागले. हसू नका, खरंच यायचे. निवेदक म्हणायचा, "मुलांनो, कॅसेट लावा," आणि मग नुसती किरकिर. ती किरकिर माझ्यावर भरायची, कॉम्प्युटरला ऐकवायची, की पडद्यावर खेळ हजर. घरातल्या शाळकरी नेदानं जुनी गाणी पुसून असाच एक खेळ माझ्यावर घेतला. तेवढा वेळ तिच्या आईनं मिक्सरसुद्धा लावला नाही, कारण त्याची खरखर रेडिओत उतरली असती.

खेळात एक नावाडी होता. पाव पोतं, अर्धं पोतं, पाऊण पोतं असा माल त्याच्या होडीत बरोबर भरायचा. चुकलं की होडी बुडाली. वर्गात अपूर्णांक म्हटले की नेदाची दातखीळ बसायची. इथं मात्र होडी बुडाली तरी कुणी ओरडत नव्हतं. ती खुदकन हसायची आणि पुन्हा भरायला घ्यायची. हळूहळू तिची होडी पलीकडे पोचू लागली. मला फार अभिमान वाटायचा.

मग स्लावा आला, घराण्याच्या संताचा सण. त्या दिवशी कुणाला बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो. घर माणसांनी भरलं. नेदाच्या रादिशामामाला नाचायचं होतं. माझ्या अंगावर अजून जुन्या गाण्यांचीच नावं होती, म्हणून त्यानं मलाच लावलं. मी किरकिरले. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले.

"ताई, तुझी कॅसेट मेली गं," मामा नेदाच्या आईला म्हणाला. "असू दे, तिच्यावर मितारचं वाजवणं भरून घेतो."

शेजारच्या मितारनं अकॉर्डियन गळ्यात अडकवला. मामाचं बोट लाल बटणावर गेलं. माझ्या अंगावरून खेळ खरवडला जात होता आणि मी भीतीनं गारठले होते.

नेदा सणाच्या उकडलेल्या गव्हाची ताटली घेऊन आली आणि जागीच थबकली. "मामा, थांब. त्यात माझी होडी आहे."

त्यानं थांबवलं, पण सुरुवात गेली होती. सुरुवातीशिवाय कॉम्प्युटर मला ओळखेना.

"उद्या फळ्यापाशी अपूर्णांक सोडवायला माझा नंबर आहे," नेदा मुसमुसली.

"अगं, मला वाटलं बिघडलीय."

"विचारायचं तरी होतंस."

मामा ओशाळला. नाच सोडून तिच्याजवळ जमिनीवर बसला. "मग मला शिकव. मीच नावाडी."

नेदानं नाक पुसलं, कागदावर होडी काढली. मामानं पोती मांडली. "पाव आणि अर्धं, झालं एक."

"पाऊण झालं, मामा. बुडालास."

"मग आता?"

"रडायचं नाही. पुन्हा भर."

दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी तिनं आधी कोपऱ्यात होडी काढली म्हणे, आणि उत्तर बरोबर आलं. माझ्यावरचा खेळ मात्र परत आला नाही. मित्रांनो, एखाद्या मुलाचं काही तुम्हाला नुसती किरकिर वाटलं, तर पुसण्याआधी त्याला एकदा विचारा.