लेसचे बूट

"वेल्क्रोचे बूट घालून आणू नका," तपासणी केंद्राच्या खिडकीवरच्या कारकुनाने मला हळूच सांगितलं होतं. "लेसचे आणा. लेस बांधता आली नाही की एक गुण कमी."

ठकीसारख्या मुलांच्या दरवर्षीच्या सरकारी तपासणीच्या तक्त्यात वीस कामं असतात. बारा आली की मूल 'सुधारलं', आणि सुधारलं की पुढच्या वर्षी वर्गातली मदतनीस बंद. मदतनीस नाही तर मूल घरी ठेवा, हे शाळेने मला तोंडावर सांगितलेलं. म्हणजे माझी ठकी पुन्हा घरात, दाराला दोन कड्या, आणि आत आम्ही दोघी. चार वर्षं काढलीत मी तशी. संडासलासुद्धा तिला बरोबर घेऊन जायचे. तेव्हा मला कोणी अक्कल शिकवायला येऊ नये.

ठकी नऊ वर्षांची. बोलते ते ऐकलेलंच परत बोलते, आणि दार उघडं दिसलं की सुसाट पळते. गेली दोन वर्षं मदतनीस ताई वर्गात शेजारी बसते, म्हणून ती शाळेत टिकते आणि मी लाँड्रीत इस्त्री करते. त्या वाफेत उभं राहून मला किती मोकळं वाटतं, ते कुणाला सांगून पटायचं नाही.

तपासणीची खोली व्हरांड्याच्या टोकाला. दार आपोआप लागतं, उघडायचं बटण बाईंच्या टेबलाखाली. खिडकीच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या. तपासणीच्या बाई गोड होत्या, तीच तर पंचाईत. गोडीगोडीने एकेक काम करून घेत होत्या. ठकीने ठोकळे रचले, रंग ओळखले, शर्टाची बटणं लावली. दर वेळी बाई "शाब्बास!" म्हणून खूण करायच्या आणि मी बोटांवर मोजायचे. पोरीने काही करून दाखवलं की आई टाळ्या वाजवते. मी मनात म्हणत होते, अगं गधडे, पाड ना तो ठोकळा!

एकोणीस कामांतली अकरा आली. राहिली लेस.

तेवढ्यात फोन वाजला. बाई आमच्याकडे पाठ करून, बोलत बोलत कपाटात फाईल शोधायला लागल्या. मी निवांत बसले. लेस काही ठकीला जन्मात जमली नव्हती.

ठकी वाकली. दोन्ही टोकं धरून फुली केली. एक टोक खालून ओढलं. जीभ दातात धरून एक कान केला, मग दुसरा, आणि ओढलं. गाठ बसली! वाकडी, सैल, पण गाठ. मग मान वर करून तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. ही पोरगी कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

"अगं माझं सोनं!" अगदी घशापर्यंत आलं होतं. देवाशप्पथ, असा आनंद मला ती झाली तेव्हाही झाला नव्हता. आणि त्याच क्षणी माझा हात पुढे गेला, लेसचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ सुटली.

"येत नाही," मी तिच्या कानात म्हटलं. ती पुन्हा लेस धरायला गेली. मी तिचे दोन्ही हात तिच्याच मांड्यांवर दाबून धरले. "येत नाही."

बाईंनी फोन ठेवला. "चला ठकीबाई, आता लेस बांधून दाखवा बरं."

ठकीने पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "येत नाही," ती म्हणाली.

"असू दे हं, बाळा," बाई म्हणाल्या आणि फुली मारली. टेबलाखालचं बटण दाबलं, दार उघडलं. ठकी पळाली नाही. मी लेस बांधून देईपर्यंत बसून राहिली.

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू? एक वर्ष मिळालं होतं. बसस्टॉपपर्यंत मी गुणगुणत गेले.

सोमवारी शाळेच्या पायरीवर ताई वाटच बघत होती. चेहरा नुसता फुललेला.

"दाखवलं का हो हिने? तीन महिने रोज मधल्या सुट्टीत बसलो आम्ही! म्हटलं, आपण आईला काही सांगायचं नाही, हिचं हिलाच दाखवू दे."

तिने ठकीला पायरीवर बसवलं आणि बुटाची लेस सोडली. "चल ठके, दाखव आईला."

ठकीने पाय माझ्यापुढे धरला. "येत नाही."

"अगं, येतं की! शुक्रवारी सात वेळा बांधलीस!" ताई हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "काय झालं हो?"

मी खाली बसले. "येतं गं ठके, तुला येतं," म्हणत तिचे हात धरून लेसवर ठेवले. तिने ते सोडवून घेतले आणि आपल्या मांड्यांवर घट्ट दाबून धरले, मी धरले होते अगदी तसेच.