बिनआवाजाची प्रार्थना

कॅमेरावाल्याने देवासमोरचा दिवा फुंकून विझवला.

"आजी, पुन्हा एकदा लावा. मघाशी तुमचाच हात आड आला."

आजींना कमी ऐकू येई. त्यांचा मुलगा, यंदाही निवडणुकीला उभे असलेले साहेब, कानाशी वाकून ओरडला, "रोज करतेस तशीच प्रार्थना कर, आई. आम्ही इथे नाहीच असं समज!"

"देवापुढे कसली नाटकं रे," म्हणत त्यांनी दिवा लावला, खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले.

मागणं रोजचंच होतं, मनातल्या मनात. जावई उन्हाळ्यापासून तुरुंगात होता. भर सभेत मेव्हण्याविरुद्ध बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून लेकीने माहेरचं तोंड पाहिलं नव्हतं. देवा, याला पाड. हा पडला की तो सुटेल. पोटच्या पोराचं वाईट चिंतताना जीभ झडावी असं वाटे. लहानपणी हाच पोरगा प्रार्थना ऐकता ऐकता मांडीवर झोपून जायचा. तरीही त्या मागत.

डोळे उघडले तेव्हा कॅमेरावाला भिंतीकडे बघत होता आणि सून स्वतःच्या नखांकडे. साहेब तेवढे हसत होते.

"झकास. आवाज काढून टाक," ते कॅमेरावाल्याला म्हणाले, "वर संगीत घाल."

संध्याकाळी ती फिल्म टीव्हीवर आली. आजींचे ओठ हलत होते आणि खाली अक्षरं उमटत होती : 'आईचा आशीर्वाद, तुमचं मत.'

"अगं बाई, माझे ओठ हलतात?" आजी सुनेला म्हणाल्या.

सुनेने दार लोटून घेतलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"नुसते ओठ नाहीत, आई. तुम्ही मोठ्याने बोलता. कान गेले तेव्हापासून."

"आणि घरातले?"

"सगळे ऐकतात. फाटकावरचा वॉचमनसुद्धा."

आजी उठल्या. भिंतीला धरधरून त्या मुलाच्या खोलीत गेल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"रोज चहा पिता पिता ऐकतो की."

"मग बोलला का नाहीस?"

"आईच्या प्रार्थनेत तोंड घालू? एवढा अधर्मी नाही मी." त्यांनी आजींना हाताला धरून शेजारी बसवलं, डोक्यावरचे विस्कटलेले केस सारखे केले आणि अगदी मायेने कानाशी आले. "उन्हाळ्यापासून मागतेयस. देवाने ऐकलं? नाही ना? मी मात्र एक दिवस चुकवला नाही. तुझ्या जावयाच्या कोठडीची किल्ली देवाकडे नाहीये, आई."

सकाळी आजींनी नेहमीसारखा दिवा लावला. बाहेरच्या खोलीत साहेब चहा घेत पेपर वाचत होते. आजी खुर्चीत टेकल्या, पुन्हा उठल्या. खुर्ची ओढून त्यांनी देवाकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"माझ्या लेकराला निवडून आण," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखा दयाळू कोणी नाही. त्याने मनात आणलं तर..."

डोळे मिटायची सोय नव्हती. तो ऐकतोय की नाही, हे बघायला हवं होतं.

साहेबांनी पेपरातून मान वर केली नाही. कप धरलेला हात तेवढा जरासा उचलून खूण केली : अजून मोठ्याने.